एकच शस्त्रक्रिया, बदलती दुखणी: सुंतेबद्दल डॉक्टरांची मतं कशी फिरत गेली

टीपकागद
शनिवार, रात्री ९:१०

भाचीला न्यू जर्सीत मुलगा झाला. दुसऱ्या दिवशी नर्स आली आणि कावीळ, कानांची तपासणी, टाचेतून रक्त घेणं या सगळ्याच्या ओळीतच विचारून गेली, "सुंता आज करायची की उद्या?" दोघंही सोलापूरची. नको म्हणाले. पण रात्री जावयाचा फोन आला. "मामा, हॉस्पिटल स्वतःहून विचारतंय म्हणजे काहीतरी वैद्यकीय कारण असणारच ना?"

कारण आहे. फक्त ते दर वीस-तीस वर्षांनी वेगळं असतं. धर्माच्या अंगानं इथं भांडण नको, संपादकांना रविवारी कामाला लावू नका. डॉक्टर काय म्हणत आले, एवढंच बघू.

फेब्रुवारी १८७०, न्यूयॉर्क. लुईस सेअर हे तिथले नावाजलेले अस्थिरोगतज्ज्ञ. त्यांना जे. मॅरियन सिम्स या तितक्याच नावाजलेल्या स्त्रीरोगतज्ज्ञांनी एक पाच वर्षांचा मुलगा बघायला बोलावलं. पाय गुडघ्यात मुडपलेले, चालता येत नाही. तपासताना मुलाला सांभाळणारी बाई म्हणाली, तिथं हात लावू नका, फार दुखतं त्याला. सेअरनी बघितलं तर पुढची कातडी घट्ट, आत सूज. त्यांच्या डोक्यात आलं की पायांचं मूळ इथं आहे. दुसऱ्या दिवशी बेलव्ह्यू हॉस्पिटलमध्ये सुंता केली. काही आठवड्यांत पोरगं चालायला लागलं, असं सेअर लिहितात. मग त्यांनी असेच आणखी रुग्ण गोळा केले आणि त्याच वर्षी अमेरिकन मेडिकल असोसिएशनपुढे निबंध मांडला.

आज हसू येतं, पण त्या काळच्या शास्त्रात ते चपखल बसत होतं. शरीरात एका ठिकाणी मज्जातंतूंना सतत चीड आली की ती पाठीच्या कण्यातून जाऊन भलत्याच ठिकाणी दुखणं उभं करते, असा सिद्धांत तेव्हा चलनात होता. जंतूंचा सिद्धांत अजून रुजायचा होता. त्यामुळे लकवा, अपस्मार, खुब्याचे विकार, अंथरुणात लघवी, चिडचिड, सगळ्यांवर एकच इलाज निघाला. सेअर हे कुणी भोंदू नव्हते. पाठीच्या कण्यासाठी प्लॅस्टरचं जॅकेट वापरात आणलं म्हणून त्यांचं नाव आजही घेतलं जातं, आणि १८८० मध्ये ते त्याच असोसिएशनचे अध्यक्ष झाले. मोठ्या माणसानं सांगितलं म्हणून लहान गावांतले डॉक्टरही करू लागले.

याच सिद्धांतावर बायकांचं काय झालं तेही सांगतो, कारण तुलना उघड आहे. लंडनमध्ये आयझॅक बेकर ब्राउन नावाचे शल्यचिकित्सक उन्माद आणि अपस्मारावर बायकांची शिश्निका (क्लिटोरिस) कापून टाकत. १८६७ मध्ये तिथल्या प्रसूतिशास्त्र संस्थेनं त्यांना हाकलून दिलं. मुलग्यांवरची शस्त्रक्रिया मात्र तीन वर्षांनी समुद्रापलीकडे प्रतिष्ठित झाली.

दुसरा धागा हस्तमैथुनाच्या भीतीचा. १७६० मध्ये स्वित्झर्लंडच्या तिसो या डॉक्टरानं वीर्यनाशानं माणूस खंगतो, वेडा होतो असं लिहून ठेवलं आणि पुढची दीडशे वर्षं युरोप-अमेरिकेतल्या आईबापांची झोप उडवली. (आपल्याकडे ‘गुप्तरोग’वाल्यांच्या भिंतीवरच्या जाहिराती अजून तिसोच्याच काळात आहेत.) १८८० च्या दशकात अमेरिकेतल्या बॅटल क्रीक गावचे डॉ. जॉन हार्वी केलॉग सरळ लिहितात की अशा मुलाची सुंता करावी आणि भूल देऊ नये, कारण वेदना शिक्षेसारखी मनावर ठसते. हेच ते कॉर्नफ्लेक्सवाले केलॉग.

आणि तिसरा स्वच्छतेचा. १८९१ मध्ये सॅन दिएगोच्या डॉ. रेमोंदिनोंनी सुंतेचा इतिहास म्हणून जाडजूड ग्रंथ लिहिला. त्यात त्यांचं म्हणणं असं की ज्याची सुंता झालेली नाही त्याला विमा कंपन्यांनी जोखमीच्या वर्गात टाकावं!

पुढचं उद्या. तोवर जाणकारांनी भर घालावी.

चिंगी
शनिवार, रात्री ९:४८

वाचतेय. माझा एक प्रश्न आहे पण तो नंतर विचारते, आधी डॉक्टर लोक येऊ देत.

गोमूकोकणी
शनिवार, रात्री १०:०५

रुमाल टाकून ठेवतो. कॉर्नफ्लेक्स मुळात हस्तमैथुन थांबवायलाच शोधले होते ना? गेल्याच आठवड्यात फॉरवर्ड आला होता.

टीपकागद
शनिवार, रात्री १०:२०

@गोमूकोकणी, फॉरवर्ड अर्धा खरा. मसाले, मांस, दारू यांनी वासना चाळवतात आणि साध्या जेवणानं शांत होतात, असं केलॉग मानत होते, हे खरं. पण कॉर्नफ्लेक्स निघाले ते त्यांच्या आरोग्यधामातल्या रुग्णांना पचायला हलकं काहीतरी द्यायचं म्हणून. ते विकून पैसा केला धाकट्या भावानं, त्यात साखर घालून. त्यावरून भावाभावांची कोर्टबाजीही झाली.

आसवारिष्ट
शनिवार, रात्री ११:३२

१८७० पासून सुरुवात केलीत, पण पुढची कातडी न सरकणं हे दुखणं सुश्रुतसंहितेत नाव देऊन सांगितलं आहे. निदानस्थानाच्या तेराव्या अध्यायात क्षुद्ररोगांत तीन शेजारी शेजारी येतात: निरुद्धप्रकश म्हणजे तोंड आवळलेलं, परिवर्तिका म्हणजे मागे सरकून अडकलेली कातडी, आणि अवपाटिका म्हणजे फाटलेली. जोरानं मागे ओढल्यानं फाटते, हेही तिथं आहे.

उपचार चिकित्सास्थानाच्या विसाव्या अध्यायात. दोन्हीकडून तोंड असलेली नळी, लोखंडाची, लाकडाची नाहीतर लाखेची, तुपात माखून आत घालायची. दर तीन दिवसांनी आधीपेक्षा जाड नळी. हळूहळू तोंड रुंदावतं. नाहीच जमलं तर शस्त्र चालवायचं, पण शिश्नाच्या खालच्या बाजूची शिवणीसारखी रेघ सोडून. म्हणजे ताणणं आधी, कापणं नंतर. सरसकट सर्वांची कातडी काढा असा विचार आयुर्वेदात नाही. दुखणं असेल त्यालाच उपचार.

याच्या आसपासच्याच काळात रोमचा सेल्ससही हे दुखणं आणि त्याची शस्त्रक्रिया सांगतो. त्याच प्रकरणात सुंता झालेल्याची कातडी ओढून परत कशी आणायची तेही सांगतो. रोमन स्नानगृहात उघडं शिश्नाग्र असभ्य मानलं जायचं.

शंकासुर
रविवार, सकाळी ७:५५

एवढं लांबण कशाला? पैसा. अमेरिकेत प्रत्येक गोष्टीचं उत्तर पैसा. पुढचा धागा.

टीपकागद
रविवार, सकाळी ९:३०

@शंकासुर, पैसा आहेच, पण तो उशिरा आला. विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात अमेरिकेत बाळंतपणं घरातून दवाखान्यात गेली. बाळ डॉक्टरच्या ताब्यात आलं आणि आई अंथरुणात. १९३५ च्या सुमारास गोमको नावाचा चिमटा आला, पन्नाशीच्या दशकात प्लास्टिकची रिंग आणि मोगेन चिमटा. दहा मिनिटांचं काम झालं. दवाखान्यात जन्मलेलं बाळ, सुंता झालेलं बाळ आणि मध्यमवर्गीय बाळ हे तीन शब्द एकच अर्थ सांगू लागले. घरी जन्मलेलं, कातडी असलेलं बाळ म्हणजे गरिबाचं नाहीतर नुकत्याच बोटीतून उतरलेल्याचं. महायुद्धात लष्करी डॉक्टरांनी स्वच्छतेच्या नावाखाली सैनिकांच्याही सुंता केल्या, आणि त्यांनी परत येऊन मुलांच्या करवल्या. साठ-सत्तरच्या दशकांत गोऱ्या अमेरिकेत बहुतेक मुलगे सुंता झालेले होते.

तुमचा मुद्दा ब्रिटनमध्ये जास्त लागू पडतो, पण उलट्या बाजूनं. तिथं तिसाच्या दशकात साधारण तीनातल्या एका मुलाची सुंता व्हायची, आणि वरच्या वर्गात कितीतरी जास्त. जुलै १९४८ मध्ये सरकारी आरोग्यसेवा सुरू झाली आणि तिनं विनाकारण सुंतेचे पैसे द्यायचं नाकारलं. डिसेंबर १९४९ मध्ये डग्लस गेर्डनर या बालरोगतज्ज्ञांचा निबंध ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. पुढच्या पिढीत ही प्रथा तिथून जवळजवळ गेली. अमेरिकेतही कॅलिफोर्नियानं १९८२ मध्ये गरिबांच्या सरकारी विम्यातून हे काढलं, मग इतर राज्यांनी. जिथं पैसे बंद झाले तिथलं प्रमाण बरंच खाली आलं. १९७९ मध्ये देशभरातल्या दवाखान्यांत जन्मलेल्या मुलग्यांपैकी ६४.५ टक्क्यांची सुंता होत होती, २०१० मध्ये ५८.३ टक्क्यांची.

बाळडॉक्टर
रविवार, सकाळी ११:१५

गेर्डनरचं नाव निघालं म्हणून लिहितोय. तालुक्याच्या गावी बावीस वर्षं बालरोगतज्ज्ञ आहे आणि आठवड्याला चार आया हाच प्रश्न घेऊन येतात, तेव्हा जरा लांबण लावतो.

गेर्डनरनं फार साधं काम केलं. निरोगी मुलं घेतली आणि कुठल्या वयात कातडी मागे सरकते ते बघितलं. जन्मतः पूर्ण सरकणारी फक्त ४ टक्के. वर्षाच्या आसपास निम्मी, तीन वर्षांपर्यंत ९० टक्के. म्हणजे बाळाची कातडी चिकटलेली असणं हाच नियम, तो रोग नव्हे. सेअरपासून सगळे ज्याला ‘जन्मजात दोष’ म्हणत होते तो दोषच नव्हता. शिवाय त्यानं सरकारी नोंदी काढल्या: इंग्लंड आणि वेल्समध्ये पाच वर्षांखालची सरासरी १६ मुलं दरवर्षी या शस्त्रक्रियेपायी मरत होती. ज्याची गरज नाही अशा गोष्टीसाठी १६ मुलं.

पुढे १९६८ मध्ये डेन्मार्कच्या याकोब ऊस्टर यांनी शाळकरी मुलं बरीच वर्षं तपासत राहून दाखवलं की गेर्डनरसुद्धा घाईच करत होता. सहा-सात वर्षांच्या ८ टक्के मुलांत कातडी अजून घट्ट होती, सोळा-सतराव्या वर्षी तीच संख्या १ टक्क्यावर आली. काहीही न करता. आज आम्ही ऊस्टरच्या बाजूनं आहोत.

आता आपल्याकडचं. इथं उलटा त्रास आहे. अंघोळ घालणारी बाई तेल लावून रोज कातडी मागे खेचते. आजी म्हणते, नाही खेचली तर मोठेपणी अडचण होईल. काही डॉक्टरही सांगतात, नाकारत नाही. त्यातून बारीक चिरा पडतात, व्रण धरतो, आणि जी कातडी आपोआप सुटणार होती ती खरोखर आवळते. मग शस्त्रक्रिया. कधी मागे ओढलेली कातडी तिथंच अडकते, सुजते, आणि रात्री दोन वाजता मूल किंचाळत येतं. वरचा परिवर्तिका हा शब्द वाचून तेच डोळ्यांसमोर आलं. तेल लावा, मसाज करा, पण तिथं हात नको. मूल स्वतः जेवढं मागे घेईल तेवढंच.

खरी शस्त्रक्रिया कुणाला लागते? टोकाला पांढरा कडक व्रण धरला असेल त्याला. वारंवार पू होणाऱ्याला. मूत्रमार्गाची जन्मजात गुंतागुंत असून लघवीत पुन्हा पुन्हा संसर्ग होणाऱ्या काही मुलांना. बाकीच्यांना नव्वदीच्या दशकापासून स्टेरॉइडचं मलम आहे, काही आठवडे लावलं की बहुतेकांचं काम होतं. मी शिकलो तेव्हा मलमाचं नावही कुणी काढलं नव्हतं, थेट सर्जनकडे चिठ्ठी.

क्लोरोफॉर्म
रविवार, दुपारी १:०२

भूलतज्ज्ञ आहे. केलॉगनं शिक्षा म्हणून भूल नको म्हटलं, ते राक्षसी वाटतं. पण अमेरिकेत त्यानंतर शंभर वर्षं लाखो नवजात बाळांची सुंता भुलीशिवायच होत होती, आणि कारण शिक्षेचं नव्हतं. बाळाच्या मेंदूला वेदना कळतच नाही, असं मानलं जायचं. बाळाचे हातपाय प्लास्टिकच्या साच्यात पट्ट्यांनी बांधायचे, तोंडात साखरेचं पाणी, झालं.

हे समज मोडायला सुरुवात झाली ती इंदूरला डॉक्टर झालेल्या कंवलजीत आनंद यांच्या कामातून. १९८७ मध्ये त्यांनी दाखवलं की नवजात बाळाला वेदना होतात आणि शस्त्रक्रियेत भूल न दिल्यास शरीरावर त्याचे परिणाम होतात. शिश्नाच्या मुळाशी इंजेक्शन देऊन नस बधिर करायची पद्धत १९७८ पासून माहीत होती, वापरत कमीच होते. १९९७ मध्ये कॅनडातून निबंध आला: भुलीशिवाय सुंता झालेली मुलं चार-सहा महिन्यांनी लस टोचताना इतरांपेक्षा जास्त रडतात. १९९९ मध्ये अमेरिकन बालरोग अकादमीनं वेदनाशमन द्यायलाच हवं असं लिहिलं. १९९९! तोवर मी नोकरीला लागले होते.

नौगाव_ते_अश्दोद
रविवार, दुपारी ३:४०

शालोम मंडळी. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू, पूर्वज नौगावच्या किनाऱ्यावर उतरले अशी आमची कथा. रायगडातल्या खेड्यांत तेलाचे घाणे चालवले, शनिवारी काम बंद म्हणून शनवार तेली म्हणायचे. दोन हजार वर्षांत हिब्रू विसरलो, पण आठव्या दिवसाची सुंता विसरलो नाही. एलियाहू हन्नबीचं नाव आणि मलिद्याचं ताट, तेही नाही.

टीपकागदांनी धर्म बाजूला ठेवा म्हटलंय, तेव्हा त्यातलं वैद्यकच तेवढं सांगतो. तालमूद या आमच्या धर्मनियमांच्या जुन्या ग्रंथात नियम आहे की सुंतेनंतर रक्त वाहून दोन भाऊ गेले तर पुढच्याची करू नये. इतकंच काय, सख्ख्या बहिणींच्या मुलांबद्दलही तशी चर्चा आहे. म्हणजे हिमोफिलिया, रक्त न गोठण्याचा आजार, आईकडून येतो हे कुणीतरी नुसत्या निरीक्षणातून टिपलं होतं. युरोपी-अमेरिकी वैद्यकानं असं कुटुंब नीट लिहून ठेवलं ते १८०३ मध्ये.

दुसरी गोष्ट उलटी आहे. जखमेतून रक्त चोखून काढणं ही मूळची आरोग्याची सूचना. तसं न करणारा बाळाला धोक्यात घालतो, असं तालमूद म्हणतं. जुन्या काळचं वैद्यकच ते. पण एकदा ते विधीत शिरलं आणि मग निघेना. एकोणिसाव्या शतकात व्हिएन्नात बाळं आजारी पडली तेव्हा तोंडाऐवजी स्पंज चालेल असा निर्णय मोठ्या रब्बींनी (धर्मगुरूंनी) दिला. आज बहुतेक ठिकाणी काचेची नळी किंवा कापसाची पट्टी वापरतात. पण न्यूयॉर्कच्या काही कर्मठ गटांत तोंडानं चालूच आहे, हर्पिसनं बाळं दगावली, २०१२ मध्ये शहराच्या आरोग्य विभागानं लेखी संमती सक्तीची केली आणि २०१५ मध्ये ती मागे घेतली.

आणि आमचा मायमोनिडीस, बाराव्या शतकातला कैरोचा राजवैद्य. स्वतः एवढा मोठा डॉक्टर, पण सुंतेनं आरोग्य सुधारतं असं म्हणत नाही. शरीरातली उणीव भरून काढायला ही आज्ञा नाही, वासना थोडी उणावते म्हणून आहे, असं स्पष्ट लिहितो. केलॉगला जे वैद्यक वाटलं त्याला सातशे वर्षं आधी एका वैद्यानं नीती म्हटलं होतं.

मुलाणी_मास्तर
रविवार, सायंकाळी ५:१५

वरचा प्रतिसाद आवडला. आमच्याकडेही तेच. लहानपणी आमच्या गल्लीत खतन्याला हज्जाम यायचा, राखुंडी लावायचा. आता सगळे सर्जनकडे जातात, भूल देऊन, टाके घालून. माझ्या नातवाचा दवाखान्यातच झाला आणि चौथ्या दिवशी पोरगं पळत होतं. ही सुधारणा मला मोलाची वाटते.

पण दर दोन महिन्यांनी कुणीतरी मला मेसेज पाठवतं: बघा, विज्ञानानंही सिद्ध केलं. मला ते पटत नाही. कर्करोग टळावा म्हणून आमच्याकडे कुणी करत नाही. परंपरा आहे म्हणून करतो. उद्या दुसरा निबंध आला आणि फायदा नाही म्हणाला तर सोडणार आहोत का? मग त्या निबंधाचा आधार घ्यायचाच कशाला.

आकडेमोड
रविवार, रात्री ८:२६

मास्तर, पूर्ण सहमत. आणि नेमका कर्करोगाचा इतिहास असा आहे की आधार घेणाऱ्यानं जपून घ्यावा. त्यात आपली मुंबई मध्यभागी आहे म्हणून सविस्तर.

१८५५ मध्ये लंडनच्या जोनाथन हचिन्सननं दवाखान्यातले रुग्ण मोजले आणि म्हणाला, ज्यूंमध्ये उपदंश (सिफिलिस) इतरांच्या मानानं कमी, कारण सुंता. ज्यू घरांतली लग्नं, शेजार, दारू, वेश्यागमन यांतला फरक त्यानं धरलाच नाही. ही चूक पुढची शंभर वर्षं वेगवेगळ्या वेशात येत राहिली. १९३६ मध्ये हँडली यांनी फिजी बेटांवर बघितलं की गर्भाशयमुखाचा कर्करोग मूळच्या फिजियन बायकांत कमी आणि तिथं ऊसमळ्यांवर नेलेल्या हिंदुस्थानी बायकांत जास्त. फिजियन पुरुषांची सुंता होते, हिंदूंची नाही. झालं, निष्कर्ष तयार.

मग परळचं टाटा हॉस्पिटल. १९४१ मध्ये सुरू झालं तेव्हापासून डॉ. व. रा. खानोलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जातधर्मनिहाय कर्करोगाच्या नोंदी ठेवल्या. जगात असा खजिना दुसरीकडे नव्हता, कारण एका शहरात हिंदू, मुसलमान, पारशी, ख्रिस्ती शेजारी शेजारी आणि चालीरीती अगदी वेगळ्या. शिश्नाचा कर्करोग हिंदूंत जास्त, मुसलमानांत क्वचित. गर्भाशयमुखाचाही हिंदू बायकांत मुसलमान बायकांपेक्षा जास्त. अमेरिकी पाठ्यपुस्तकांत मुंबईचे आकडे सुंतेच्या बाजूनं फिरू लागले.

पण त्याच मुंबईत पारशी होते. पारशी पुरुषांची सुंता होत नाही. आणि पारशी बायकांत गर्भाशयमुखाचा कर्करोग कमी, स्तनांचा जास्त. उशिरा लग्नं, कमी बाळंतपणं, शिक्षण, पाणी, न्हाणीघर. साठच्या दशकात सुरू झालेल्या मुंबई कर्करोग नोंदणीतही हेच दिसत राहिलं. एका समाजानं अख्खा सिद्धांत अडवून धरला, पण परदेशात आकडे उद्धृत करताना पारशी बहुधा गाळले जायचे.

माझा आवडता निबंध मात्र १९५८ चा. त्याआधी चार वर्षं अर्न्स्ट विंडर यांनी बायकांना नवऱ्याची सुंता झाली आहे का विचारून कर्करोगाशी संबंध जोडला होता. लिलिअनफेल्ड आणि ग्रॅहम यांनी बफेलोच्या हॉस्पिटलात १९२ पुरुषांना थेट विचारलं, तुमची सुंता झाली आहे का, आणि मग तपासलं. जवळजवळ एक तृतीयांश पुरुषांचं उत्तर चुकीचं निघालं. स्वतःबद्दल! बायकोला विचारून काढलेल्या आकड्यांचं मग काय घ्या.

खरा गुन्हेगार सापडला १९८३ मध्ये. हाराल्ड त्सुर हाउझेन यांनी गर्भाशयमुखाच्या गाठींत एचपीव्ही १६ हा विषाणू दाखवला, त्याबद्दल २००८ चं नोबेल. सुंतेनं या विषाणूचं पुरुषांतलं वास्तव्य कमी होतं असे पुरावे आहेत, म्हणजे जुने लोक निव्वळ हवेत नव्हते. पण आता लस आहे. मुलीला, आणि जमलं तर मुलालाही, लस द्या.

शंकासुर
रविवार, रात्री ९:०३

बघा, शेवटी पुरावा शून्य.

आकडेमोड
रविवार, रात्री १०:४१

शून्य नाही हो. एचआयव्हीचं काय करणार? इथं पहिल्यांदा चिठ्ठ्या टाकून, म्हणजे कुणाची सुंता आधी करायची आणि कुणाची नंतर हे नशिबावर सोडून, प्रयोग झाले. दक्षिण आफ्रिकेत ऑरेंज फार्म, केनियात किसुमू, युगांडात राकाई. तिन्ही मिळून अकरा हजार पुरुष. ऑरेंज फार्ममध्ये सुंता झालेल्या गटात २० जणांना लागण, दुसऱ्या गटात ४९ जणांना. किसुमूत २२ आणि ४७. राकाईत २२ आणि ४५. तीन देश, तीन वेगळे गट, एकच कल. सेअरची सुरुवात एका मुलावरून झाली होती. हा फरक लक्षात घ्या.

आणि याच्या आधी पुण्याचा अभ्यास. नारी या एड्स संशोधन संस्थेच्या मदतीनं पुण्याच्या गुप्तरोग दवाखान्यांत येणाऱ्या २,२९८ पुरुषांना वर्षानुवर्षं तपासलं, २००४ मध्ये लॅन्सेटमध्ये छापून आलं. सुंता झालेल्यांत एचआयव्हीची नवी लागण खूप कमी. पण उपदंश, परमा (गनोरिया), हर्पिस यांत फरक नाही. का महत्त्वाचं? सुंता झालेले लोक नुसते जास्त सावधपणे वागत असते तर सगळेच रोग कमी दिसले असते. फक्त एचआयव्ही कमी दिसला, म्हणजे कातडीच्या आतल्या पापुद्र्यात, जिथं विषाणूला आवडणाऱ्या पेशी भरपूर असतात, तिथं काहीतरी आहे. हचिन्सनच्या वेळेपासून जो आक्षेप होता त्याला उत्तर पुण्यातून मिळालं. (सुंता झालेले बहुतेक मुसलमान आणि संख्येनं कमी, ही मर्यादा आहेच.)

मार्च २००७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं शिफारस केली, ती एचआयव्ही भरपूर आणि सुंता कमी अशा देशांसाठी. पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेतल्या पंधरा देशांत २०१९ अखेरपर्यंत अडीच कोटींहून जास्त पुरुषांनी करून घेतली. भारत त्या यादीत नाही, आणि नसावाच. इथं साथीचं प्रमाण त्या देशांच्या जवळपासही नाही. निरोध, तपासणी आणि औषधं इथं जास्त उपयोगी. बायकांना मिळणारं संरक्षण राकाईतल्या प्रयोगात दिसलं नाही, हेही कुणी फॉरवर्डमध्ये लिहीत नाही.

टीपकागद
सोमवार, सकाळी ८:१०

वा! माझ्यासाठी आता अमेरिकन बालरोग अकादमीच्या मतांचा झोपाळाच उरलाय. १९७१: नवजात बाळात सुंतेला कोणतंही रास्त वैद्यकीय कारण नाही. १९८९: फायदे असू शकतात, तोटेही. मध्ये १९८५ मध्ये लष्करी दवाखान्यातले डॉ. विझवेल यांनी दाखवलं होतं की सुंता न झालेल्या तान्ह्या मुलांत लघवीचा संसर्ग जवळजवळ दहापट. ऐकायला भयंकर, पण मुळात संसर्ग होतो शंभरात एखाद्याला. नंतर कुणीतरी हिशोब मांडला, एक संसर्ग टाळायला १११ सुंता. १९९९: फायदे आहेत, पण सर्वांना सुचवण्याइतके नाहीत. २०१२: फायदे धोक्यांपेक्षा जास्त, तरीही सर्वांना सुचवत नाही, आईबापांनी ठरवावं. वाक्यं नीट वाचली तर शेवटच्या दोहोंत सल्ला एकच आहे, सूर फक्त बदललाय.

डच डॉक्टरांच्या संघटनेनं २०१० मध्ये नेमकं उलटं सांगितलं: वैद्यकीय कारणाशिवाय अल्पवयीन मुलांवर करू नये. अॅटलांटिकच्या दोन काठांवर बसून तेच निबंध वाचायचे आणि निष्कर्ष दोन. मे २०१२ मध्ये कलोनच्या कोर्टानं धार्मिक सुंता म्हणजे मुलाला इजा असा निकाल दिला. एका चार वर्षांच्या मुलाला नंतर रक्तस्राव झाला होता, डॉक्टर मात्र निर्दोष सुटला. जर्मनीत हलकल्लोळ माजला, आणि डिसेंबरात संसदेनं कायदा करून सुंतेला अटींसह परवानगी दिली.

आणि दक्षिण कोरिया! तिथं १९४५ पूर्वी ही गोष्ट जवळजवळ नव्हतीच. अमेरिकी सैन्य आलं, मागोमाग अमेरिकी वैद्यक आलं. धर्माचा काही संबंध नाही. पण बाळपणी नाही, दहा-बाराव्या वर्षी, हिवाळ्याच्या सुट्टीत, शाळेतले मित्र मिळून. एका पिढीत बहुतेक मुलगे झाले. २००० नंतर तिथल्याच डॉक्टरांनी आणि इंटरनेटवरच्या तरुणांनी प्रश्न विचारले, आणि प्रमाण झपाट्यानं उतरलं.

जावयाला मी एवढंच सांगितलं की नर्स विचारते कारण फॉर्मवर रकाना आहे.

शंकासुर
सोमवार, सकाळी ८:२२

आणि रकाना पैशानं आहे. मी पहिल्याच दिवशी म्हणालो होतो.

गोमूकोकणी
सोमवार, सकाळी ९:१७

शंकासुरांना चहा पाजा कुणीतरी.

अवांतर: माझ्या काकांना पंचावन्नाव्या वर्षी कातडी आवळून चिरा पडायला लागल्या. लाजेपायी चार महिने बोलले नाहीत. सर्जननं आधी साखर तपासली, तीनशेच्या वर. मधुमेहाचा पत्ता तिथून लागला.

बाळडॉक्टर
सोमवार, दुपारी २:३५

गोमू, हे अवांतर नाही, महत्त्वाचं आहे. मोठ्या माणसाची आधी नीट सरकणारी कातडी अचानक आवळायला लागली तर पहिली तपासणी साखरेची. टोकाला गाठ, न भरणारी जखम, रक्त असेल तर त्याच दिवशी डॉक्टरकडे. शिश्नाचा कर्करोग आपल्याकडे डॉक्टरपर्यंत उशिरा पोचतो तो लाजेपायी.

चिंगी
सोमवार, रात्री ९:५०

आता विचारते. मुलगा चार वर्षांचा. शू करताना पुढे फुगा येतो आणि मग धार येते. शेजारच्या काकूंनी सांगितलं म्हणून सर्जनकडे गेलो. त्यांनी तीस सेकंद बघितलं आणि पुढच्या गुरुवारची तारीख दिली. सासूबाई म्हणतात करून टाका, आई म्हणते अजिबात नको, नवरा म्हणतो तू ठरव.

बाळडॉक्टर
सोमवार, रात्री १०:२८

चिंगीताई, न बघता निदान करणार नाही. पण नुसता फुगा हे या वयात शस्त्रक्रियेचं कारण नव्हे. आतला भाग सुटायला लागला आणि तोंड अजून लहान आहे, एवढाच त्याचा अर्थ बहुधा असतो. गुरुवार पुढे ढकला आणि एखाद्या बालरोगतज्ज्ञाला किंवा मुलांच्या सर्जनला दाखवा. त्यांना तीन गोष्टी विचारा: टोकाला पांढरा कडक व्रण आहे का, लघवी तपासायची का, आणि आधी मलम लावून बघता येईल का. धार बारीक होत असेल, कुंथावं लागत असेल, ताप येत असेल किंवा पू दिसत असेल तर मात्र गुरुवारचीही वाट बघू नका. आणि दोन्ही आज्यांना सांगा, अंघोळीच्या वेळी ओढायचं नाही.

चिंगी
सोमवार, रात्री १०:४४

ताप नाही, धार चांगली आहे, भिंतीपर्यंत जाते. लघवी तपासलेली नाही. उद्या सकाळी तारीख बदलून घेते.